तरीही पुढे जायचे?

८ डिसेंबर २००५. टोकियो शेअर बाजारात जे-कॉम या कंपनीचा नोंदणीचा पहिलाच दिवस. मिझुहो सिक्युरिटीजच्या डीलरला ६,१०,००० येनला एक शेअर विकायचा होता. त्याने एका येनला ६,१०,००० शेअर विक्रीला काढले. कंपनीचे एकूण शेअर होते जेमतेम १४,५००! पडद्यावर इशारा आला होता, पण असे इशारे नेहमीचेच, म्हणून तो ओलांडला गेला. चूक ध्यानात येताच ऑर्डर रद्द करायची धडपड झाली, तर बाजाराच्याच प्रणालीतल्या दोषामुळे तीही फसली. मिझुहोला सुमारे ४,००० कोटी येनचा फटका बसला.

डीलरला वेग हवा असतो. प्रत्येक ऑर्डरला ‘नक्की ना?’ असे विचारणारा पडदा त्याला कामाचा नाही, आणि विचारलेच तर त्याचे बोट वाचण्याआधी एंटरवर पडते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईच्या एमके ग्लोबल या दलाल पेढीकडून ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या. साडेसहाशे कोटींहून अधिक रुपयांचे सौदे झाले, निफ्टी पाहता पाहता १५ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि बाजार थांबवावा लागला.

सिटीबँकेची कथा मात्र घाईची नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावरचे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना द्यायचे होते. काम चालत होते फ्लेक्सक्यूबवर. म्हणजे मुंबईच्या आय-फ्लेक्सने घडवलेल्या आणि पुढे ओरॅकलकडे गेलेल्या प्रणालीवर. तिच्यात हा व्यवहार सरळ बसत नव्हता. म्हणून सगळे कर्ज फिटल्याचे दाखवायचे आणि मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायचे, अशी वाट जाणकारांनी काढलेली. त्यासाठी ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ या तिन्ही रकान्यांत बदल करावा लागे. केला गेला फक्त पहिल्यात. नोंद करणारा, तपासणारा, मंजुरी देणारा अशा तिघांच्या नजरेखालून व्यवहार गेला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला. पैसे बँकेबाहेर जातील, असा इशाराही झळकला. पण व्याजाचे पैसे तर बाहेर जायचेच होते! किती जातील, हे त्या चौकटीत नव्हते. सुमारे ९० कोटी डॉलर गेले.

त्यातले ५० कोटींच्या आसपास धनकोंनी परत करायला नकार दिला. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. तिघांच्या मंजुरीपेक्षा पडद्यावरचा एक आकडा स्वस्त पडला असता.

वेग की खबरदारी, हा पेच आपल्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. मुरलेला अकाउंटंट माउसला हात लावत नाही. व्हाउचर भरायचे, एंटर दाबत जायचे, नको ते ऑल्ट-डीने उडवायचे. ही मोकळीक त्याच्या कामाचा प्राण, आणि हिशेबात मागाहून ढवळाढवळ करणाऱ्याचीही सोय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे सक्तीचे झाले. त्यासाठी टॅलीने ‘एडिट लॉग’ची वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात ऑल्ट-डी तशीच चालते, वेगही तोच. फक्त व्हाउचर कोणी, कधी उडवले याची नोंद राहते आणि ती नोंद बंद करायची कळ कोणालाच दिलेली नाही, मालकालाही नाही.