गच्चीवर रबर टिकेल का?

आपल्या शाळेच्या सपाट गच्चीवर कृत्रिम रबराची चादर बसवण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. "रबर उन्हात टिकेल का?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून ही माहिती देत आहोत.

माळव्याच्या उन्हात सिमेंटची गच्ची दिवसा प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावते. त्यामुळे बारीक भेगा पडतात. पावसाचे पाणी त्यातून झिरपून आतल्या लोखंडी सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि छताचे पोपडे खाली वर्गात पडतात. म्हणून गळती हा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

छतासाठीच्या या रबराला 'ईपीडीएम' म्हणतात. इथिलीन व प्रोपिलीन हे वायू आणि थोडे डाइन यांपासून ते बनते. ज्या प्रकारच्या उत्प्रेरकांमुळे हे शक्य झाले, त्यांच्या शोधासाठी झिग्लर व नाट्टा या शास्त्रज्ञांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, नैसर्गिक रबराचा रबरबँड उन्हात ठेवला तर काही दिवसांत तडकतो. त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतील ओझोन तेथेच घाव घालतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात. शिवाय त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते. साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची ही चादर भेगेबरोबर ताणली जाते, फाटत नाही. नीट बसवल्यास ती २५-३० वर्षे टिकू शकते.

मात्र चादर शाबूत असली तरी सांधे उघडतात. कठडा, पाइप आणि पाण्याची मोरी यांच्या कडेने गळती सुरू होते. काळा रंग तापतो, म्हणून वर योग्य पांढरा लेप किंवा खाली उष्णतारोधक थर हवा. तेलाने हे रबर फुगून खराब होते, तेव्हा स्नेहसंमेलनाची भजी गच्चीवर तळता येणार नाहीत. संक्रांतीचे पतंगही मैदानातच उडवावे लागतील.

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, आधी सळया व सिमेंटची दुरुस्ती करावी, पन्नास फुटांना एक फूट उतार द्यावा, मगच चादर घालावी. गंजलेल्या सळयांवर रबर घातले तर दुखणे फक्त झाकले जाईल. शेवटचे बिल देण्यापूर्वी गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवून खालचे वर्ग तपासावेत.