मोजणी पोचत्या टोकाला हवी

वेबपानातून अपलोडचा वेग मोजण्याची रीत वरवर सोपी दिसते: ठरावीक आकाराचा डेटा सर्व्हरकडे धाडायचा, बाइटना ८ ने गुणून बिट करायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. अडचण अशी की ब्राउझरला फक्त धाडणारे टोक दिसते. पानातून डेटा धाडणाऱ्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या ब्राउझर-सुविधेची प्रगती-सूचना ‘इतके बाइट गेले’ असे सांगते, तेव्हा त्यांतले बरेचसे अजून संगणकाच्याच बफरमध्ये असू शकतात. त्यामुळे डेटा थोडा असला की मंद जोडणीसुद्धा भरधाव भासते. म्हणून अपलोडची मोजणी जिथे डेटा पोचतो तिथेच व्हायला हवी.

२००९ साली सुरू झालेल्या मेझरमेंट लॅब, अर्थात एम-लॅब, या प्रकल्पाची एनडीटी-७ ही चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात ब्राउझर एकाच वेबसॉकेट जोडणीवरून सुमारे १० सेकंद डेटा धाडत राहतो, आणि प्रत्यक्ष किती बाइट मिळाले हे सर्व्हर त्याच जोडणीवरून परत कळवत राहतो. चाचण्यांच्या नोंदीही खुल्या असल्याने कुणालाही त्या तपासता येतात.

यावर कुणी म्हणेल, सगळा डेटा मिळाल्याचे सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत घड्याळ चालू ठेवले की झाले. मोठ्या फाइलला हे चालते. छोट्या फाइलला मात्र उत्तराची फेरी आणि डेटा वाहून नेणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलची सावध सुरुवात यांतच बराचसा वेळ जातो. पहिल्या फेरीत साधारण १५ किलोबाइटच निघतात. फाइल किती मोठी घ्यायची हेही वेग कळल्याशिवाय ठरत नाही, म्हणून आकाराऐवजी वेळ बांधून घेणे शहाणपणाचे. दुसरा आक्षेप असा की एकाच जोडणीवर आकडा कमी येतो. ते खरे आहे. अनेक जोडण्यांची चाचणी लाइनची एकूण क्षमता दाखवते, तर एका जोडणीची चाचणी एक फाइल धाडणाऱ्याच्या वाट्याला काय येते ते दाखवते; दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: १०० एमबीपीएस जोडणीवर १० सेकंदांत १२५ मेगाबाइट खर्च होतात. मोजका डेटा पॅक असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय ही चाचणी सुरू करणे अन्यायाचे आहे.

ऑनलाइन परीक्षेतला विद्यार्थी किंवा एक्स-रे पाठवणारा ग्रामीण दवाखाना अपलोड वेगाच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतो. म्हणून तो आकडा दाखवणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपने बाइट कोणत्या टोकाला मोजले आणि किती जोडण्यांवर मोजले, हे आकड्याशेजारीच लिहायला हवे.