मधुमेहातील सोडिअमन्यूनता आणि ‘मीठ वर्ज्य’

अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णाचे रक्तातील सोडिअम लिटरमागे १२६ मिलिइक्विव्हॅलंट आढळले, की नातेवाईक घाबरतात आणि त्याला मिठाचे पाणी पाजू लागतात. वस्तुतः हा आकडा रक्तशर्करेचा आकडा शेजारी ठेवल्यावाचून वाचताच येत नाही. रक्तात साचलेली शर्करा पेशींतील जल बाहेर ओढते व त्या जलाने सोडिअम विरल होते. १९७३ साली कॅट्झ यांनी मांडलेल्या गणितानुसार, शर्करा १०० मि.ग्रॅ.च्या वर गेल्यावर दर १०० मि.ग्रॅ.मागे सोडिअम १.६ ने उतरते. हिलिअर व सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासाने हा अंक २.४ सुचविला. शर्करा ६०० असेल, तर १२६ चे दुरुस्त मान १३४ ते १३८ येते. अशा वेळी चिकित्सा करावयाची ती शर्करेची. उलट, शर्करा ६०० असताना सोडिअम १४५ दिसले, तर ते प्राकृत मानून निश्चिंत राहू नये. त्या रुग्णाच्या शरीरातील जल फार आटलेले असते.

दुरुस्तीनंतरही न्यूनता उरली, तर मात्र क्षय खरा. प्रभूतमूत्रतेतून सोडिअम वाहून जातेच. त्यात रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइड वा क्लोरथॅलिडोन, वर आपण दिलेले गोक्षुर-पुनर्नवेसारखे मूत्रल कल्प, आणि शेवटी आपलीच ‘मीठ पूर्ण बंद’ ही सूचना! बोळिंजच्या जुन्या गावठाणात काय, म्हाडाच्या उंच इमारतींत काय, वृद्ध रुग्ण ती सूचना अक्षरशः पाळतात. मिठागरांच्या या तालुक्यात अळणी जेवून कुणी आजारी पडावे, हे विचित्रच. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात मधुमेहाच्या हेतूंत लवण सांगितले, पण अतिमात्र सेवनाचे. विमानस्थानातही पिप्पली व क्षारासह लवणाच्या अतियोगाचाच निषेध आहे. अतियोगाचा निषेध म्हणजे सर्वथा वर्जन नव्हे. सोबत रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असेल, तर मिठाचे प्रमाण अर्थातच कमी ठेवावे. तेथेही ते किती, हे चमच्याच्या मापाने सांगावे.

ग्लानी, हृल्लास, शिरःशूल, चालताना तोल जाणे ही लक्षणे वार्धक्याच्या वा वातप्रकोपाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी सोडिअम व शर्करा एकाच वेळी तपासून घ्यावी. बुद्धिभ्रम, तंद्रा वा आक्षेपक असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथेही सोडिअम सावकाश, साधारणतः चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा अधिक नाही, असेच वाढवितात; घाईने वाढविल्यास मस्तिष्काला कायमची इजा होऊ शकते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट. अशक्तपणा आला म्हणून ‘ओआरएस’ मागणाऱ्या मधुमेह्याच्या हाती गोड पेयाचा खोका देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आहे. कित्येक खोक्यांतील पेयांत साखर याहून पुष्कळ अधिक व सोडिअम कमी असते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. ग्राहक मात्र अजूनही जुन्याच नावाने मागतो.