बेअरिंगचे किती उपयोग?

वर्गातली बुद्धिमान मुले कोणती, असे विचारले की आपण परीक्षेतले पहिले चार-पाच जण दाखवतो. ही चाळणी किती भरवशाची? १९२१ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी बुद्ध्यंक मोजून सुमारे दीड हजार मुले निवडली. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस आल्व्हारेझ गळाले. पुढे १९५६ आणि १९६८ साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही!

गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे १२० पैलू मांडले. त्यांपैकी अपसारी विचार, म्हणजे एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणे, आपल्या प्रश्नपत्रिकांत जवळजवळ नसतोच. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला निघाली. गिलफर्डच्या मांडणीवर आधारलेल्या मराठी चाचण्या तेथे तयार झाल्या. प्रबोधिनीचे निगडीचे केंद्र तर आपल्याच औद्योगिक पट्ट्यात आहे.

आपल्या वर्गात काय करता येईल? भोसरी-चाकणच्या मुलांना ओळखीची वस्तू घेऊ: बाद झालेले बेअरिंग. त्याचे उपयोग पाच मिनिटांत लिहायला सांगा. समजा, एकाने लिहिले: कागदावर ठेवायला, दाराला अडसर, तराजूत वजन. उत्तरे तीन, पण कल्पना एकच, जडपणाची. दुसऱ्याने लिहिले: फळीचा गाडा, भिंगरी, वर्तुळ काढायला. इथे फिरणे आणि आकार अशा दोन कल्पना आहेत. म्हणून उत्तरांची संख्या, त्यांचे प्रकार आणि इतर कुणालाच न सुचलेली उत्तरे असे तिन्ही वेगवेगळे मोजावे. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापू नयेत. (हात शिवशिवतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे.)

या पट्ट्यात एक मोठी अडचण आहे. कामासाठी आलेल्या कुटुंबांतल्या कित्येक मुलांची घरची भाषा कन्नड, हिंदी किंवा भोजपुरी असते. मराठी शब्द न सुचल्याने गप्प बसलेले मूल 'मंद' ठरते, आणि एकदा बसलेला शिक्का वर्षानुवर्षे पुसत नाही. अशा मुलाला घरच्या भाषेत बोलू द्यावे, चित्र काढू द्यावे. एका पाच मिनिटांवर निकालही देऊ नये.

आणि ज्याला भराभर सुचते, त्याला तीच गणिते आणखी वीस देणे ही शिक्षाच. त्याला विचारावे: बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी कांड्या घातल्या तर काय बदलेल? गोळी बिंदूवर टेकते, कांडी रेषेवर. म्हणून कांड्यांचे बेअरिंग जास्त भार पेलते. पण हे आधी सांगू नका. पेन्सिली आणि गोट्या देऊन त्याला तासभर एकटे सोडा.