बिनतारी संवेदकांच्या संदेशवहनातील दोष व त्यांचे निदान

मृदेची आर्द्रता, खोलीचे तापमान अथवा टाकीतील पाण्याची पातळी दुरून मोजावयाची झाल्यास संवेदकापाशी एक मायक्रोकंट्रोलर, नोंदकेंद्रापाशी दुसरा आणि दोहोंमध्ये बिनतारी दुवा, अशी रचना सर्रास केली जाते. दुवा पूर्णपणे तुटला तर ते तत्काळ ध्यानात येते. खरा धोका अधूनमधून तुटणाऱ्या दुव्याचा. २.४ गिगॅहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांनी फारशा क्षीण होत नाहीत, परंतु भिजलेल्या पालवीतून जाताना बऱ्याच क्षीण होतात. त्यामुळे शेतातून हरवणारी वाचने बहुधा ओल्या दिवसांचीच असतात, आणि उरलेल्या वाचनांची सरासरी काढणारा अभ्यासक जमीन आहे त्याहून कोरडी ठरवून मोकळा होतो.

नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीची एनआरएफ२४एल०१+ ही चिप स्वस्त असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत वारंवार आढळते. तिचेच उदाहरण येथे घेणे सोयीचे होईल. या चिपविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आकाशात नसून वीजपुरवठ्यात असते. तिला १.९ ते ३.६ व्होल्ट दाब लागतो. निद्रावस्थेत ती एक मायक्रोअँपियरहूनही कमी प्रवाह घेते. प्रक्षेपण सुरू होताच तो एकदम ११.३ मिलिअँपियरपर्यंत चढतो. शक्तिवर्धक जोडलेल्या मॉड्यूलमध्ये तर तो शंभराच्या वर जातो, आणि अर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा मात्र ५० मिलिअँपियर आहे. दाब क्षणभर कोसळतो व पॅकेट अर्धवट राहते. ग्रहण व्यवस्थित, प्रक्षेपण बेभरवशाचे, हे या दोषाचे लक्षण होय. प्रक्षेपणशक्ती कमी करून पाहावी. शक्ती घटविल्यावर हानीही घटली, तर दोष पुरवठ्याचा समजण्यास हरकत नाही. मॉड्यूलच्या पिनांलगत १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविल्याने पुष्कळदा काम भागते. शक्तिवर्धक असल्यास स्वतंत्र रेग्युलेटरच हवा.

पुरवठा निर्दोष ठरल्यावरच कंप्रतेकडे वळावे. वाहिनीचा क्रमांक २४०० मध्ये मिळविला की मेगॅहर्ट्झमधील कंप्रता मिळते. वायफायची ११ वी वाहिनी साधारणतः २४५२ ते २४७२ मेगॅहर्ट्झ व्यापते. तिचा उपद्रव टाळण्यासाठी १०० च्या पुढील क्रमांक घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. पण भारतात परवानामुक्त पट्टा २४८३.५ मेगॅहर्ट्झला संपतो, हे सल्लागार विसरतात. वायफायच्या १२ व १३ या वाहिन्या परिसरात वापरात नसतील, तर ७६ ते ८२ या क्रमांकांत जागा मिळते.

वेग कमी करणे हा दुसरा उपाय. सेकंदास २ मेगाबिट वेगाला ग्राहकाची संवेदनक्षमता उणे ८२ डीबीएम, तर २५० किलोबिटला उणे ९४ असते. या १२ डेसिबेलमुळे मोकळ्या अवकाशात पल्ला सुमारे चौपट होतो. मात्र येथे एक खाच आहे. २५० किलोबिटला पोचपावती परत येण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून पुनःप्रेषणापूर्वीचा अवधी किमान ५०० मायक्रोसेकंद असावा लागतो, आणि चिपचे मूळ मूल्य २५० आहे. ते तसेच ठेवल्यास पावती येण्याआधीच प्रक्षेपक पुन्हा बोलू लागतो. पल्ला वाढविण्यास्तव केलेला बदल असा अंगाशी येतो.

काही वेळा पॅकेट सुखरूप पोचते, पण वाचन निरर्थक निघते. एक बाइटचा क्रमांक व त्यापुढे चार बाइटांची दशांश संख्या, ही रचना उनोच्या ८ बिटी मायक्रोकंट्रोलरवर ५ बाइट व्यापते. ३२ बिटी ईएसपी३२ वर कंपायलर मध्ये तीन रिक्त बाइट घालतो व ती ८ बाइटांची होते. चिपची त्रुटितपासणी येथे निरुपयोगी ठरते. बाइट जसेच्या तसे आले एवढेच ती सांगते, त्यांचा अर्थ नव्हे. रचना दोन्हीकडे रिक्त बाइटांवाचून बांधावी व पूर्णांकांची लांबी स्पष्ट लिहावी.

निदानाचा आधार मात्र मोजणीच हवा. प्रत्येक पॅकेटात चढता अनुक्रमांक घातला की ग्राहकाला गळती मोजता येते. प्रक्षेपकाकडे पुनःप्रेषणांची संख्या चिपच राखून ठेवते. पोचपावतीच वाटेत हरवली, तर प्रक्षेपकाच्या हिशेबी गेलेले वाचन ग्राहकाच्या वहीत असते. दोन्हीकडच्या आकड्यांत अशी तफावत दिसल्यास नोंदकेंद्राचा प्रक्षेपणभाग व त्याचा वीजपुरवठा प्रथम तपासावा.