‘रडू नकोस’ म्हणण्यापूर्वी

दुसरीतल्या एखाद्या मुलाचे पोट रोज नेमके प्रार्थनेच्या वेळी दुखू लागते. डॉक्टरांच्या तपासणीत काही आढळत नाही. अशा मुलाला ‘नाटकी’ ठरविणे सर्वांत सोपे. वास्तविक, सात वर्षांच्या मुलाकडे भीती असते, पण ती सांगायला शब्द नसतात. मग शरीरच बोलू लागते.

मुलांचे ऐकावे कसे, याचा वस्तुपाठ शोधण्यासाठी कोल्हापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये येथे ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षा आणि धाक यांना तेथे थारा नव्हता. मुलांचे अनुभव आणि त्यांचे स्वतःचे लेखन यांना अध्यापनात मानाचे स्थान मिळाले. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ हे लीलाताईंच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम आले ते २००९ मध्ये, म्हणजे या शाळेनंतर तब्बल २४ वर्षांनी!

ऐकणे म्हणजे मुलाचा प्रत्येक हट्ट पुरविणे नव्हे. ‘तुला राग आलाय, हे कळलं, पण मारायचं नाही,’ एवढे वाक्य दोन्ही गोष्टी साधते. भावना मान्य होते, वर्तनाला मर्यादाही पडते. भावनेला नाव मिळाले की तिचा जोर ओसरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत ओळखताना मेंदूतील भयाशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावल्याचे दिसले. आपल्या भाषेत तर हिरमुसणे, रुसणे, धास्तावणे, ओशाळणे, कानकोंडे होणे अशा किती छटा! वर्गात मात्र बहुधा ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ हे दोनच शब्द वापरले जातात.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या प्रश्नाला वेगळीच धार आणली. चिखली, आंबेवाडीसारखी गावे पाण्याने वेढली गेली. घर सोडावे लागलेल्या लहान मुलाने पुढच्या पावसाळ्यात सरींच्या आवाजाने बिचकणे स्वाभाविकच. ‘आता काही होत नाही’ या आश्वासनापेक्षा, त्या रात्री काय झाले ते त्याला हवे तेव्हा सांगू देणे किंवा चित्रात काढू देणे अधिक उपयोगी. सक्तीने आठवायला मात्र लावू नये.

एवढा वेळ शिक्षकाने आणायचा कोठून, हा आक्षेप रास्त आहे. प्राथमिक शाळेत एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी हे कायद्याचे प्रमाण पाळले, तरी प्रत्येकाशी रोज बोलणे अशक्य. आठवड्यातून एकदा वहीत चार ओळी लिहून घेणे जमू शकते. त्या ओळींतील शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई चालवू नये. उत्तरादाखल शिक्षकाने एखादी ओळ लिहावी.

या वहीबाबत एक पथ्य मात्र अनिवार्य. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे, तर मानसिक त्रासाबाबत ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.