दोन सह्यांची चिठ्ठी
उपासना संपली की अर्पणाची थैली आम्ही टेबलावर रिकामी करतो. मोजायला दोघे, तेही एका घरातले नकोत. चिठ्ठीवर दोन सह्या. पाळकसाहेब नोटांना हात लावत नाहीत. पूर्वी ज्या मंडळीत मी होते, तिथे पैसे थेट पाळकांच्या कपाटात जात. हिशेब मागितला तर, "विश्वास नाही का, बाई?" विश्वास होता, पावती नव्हती.

आमची आताची मंडळी 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची; १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ते झाले. त्यात बिशप आहेत, तशी सभासदांनी निवडलेली पास्टरेट कमिटीही. मला ही जोडी शहाणपणाची वाटते, भांडणं होतात तरी.

कापणीच्या सणात लिलावातला भोपळासुद्धा वहीत चढतो. वार्षिक सभेत एखादी आजी चष्मा सावरून विचारतेच, "रंगाचं बिल कुठंय?" पाळकसाहेब फाईल पुढे सरकवतात.